काळी गाडी आणि हळदीची धूळ

सांगलीच्या मार्केट यार्डात माघ-फाल्गुनापासून नव्या हळदीची आवक वाढू लागते, आणि तेव्हापासून वैशाख सरेपर्यंत आमच्या गाळ्यांवर एक पिवळा थर बसलेला असतो. शेतकऱ्याने हळद शिजवून, उन्हात वाळवून, ड्रममध्ये फिरवून पॉलिश केलेली असते. तरीही पोते ओतले की साल आणि भुकटी यांचा लहानसा ढग उठतोच. सौद्याच्या वेळी ढिगाभोवती माणसे फिरतात, हमाल पोती ओढतात, आणि पहिला ढग खाली बसण्यापूर्वी दुसरा उठतो. वह्या, गाद्या, टोप्या, वजनकाटे, भिंतीवरील जिनेंद्रांच्या तसबिरीची काच, सर्वांवर तीच बारीक पूड. आमच्या वडिलांच्या पिढीने तिला कधी धूळ म्हटले नाही. 'लक्ष्मी उडते आहे' असे म्हणून ते खांदे झटकीत. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या पिवळेपणाला सरकारदरबारी पत्ता मिळाला; आमच्या सदऱ्यांवर तो आधीपासूनच होता.

अशा ठिकाणी काळ्या रंगाची मोटार आणणारा माणूस एक तर बाजारात नवखा असावा किंवा तरुण असावा. आमचे चिरंजीव तरुण आहेत. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला त्यांनी काळी गाडी घेतली. त्याआधीच्या आमच्या तिन्ही गाड्या पांढऱ्या होत्या, आणि अडत्यांच्या ओळीत उभ्या असलेल्या बहुतेक गाड्या आजही पांढऱ्याच आहेत. हप्ते चिरंजीवांचे, म्हणून रंगाचा अधिकारही त्यांचा, हे मी मान्य केले. गाडी दिसते देखणी, हेही मान्य केले. मात्र पहिल्याच हंगामात ती काळी राहिली नाही. सकाळी आठला घरून निघालेली काळी गाडी अकरा वाजेपर्यंत हिंगाच्या रंगाची होई.

यात गाडीचा दोष नाही. काळा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेला बहुतेक प्रकाश स्वतःकडेच ठेवून घेतो, आणि त्यावर बसलेला धुळीचा प्रत्येक कण मात्र प्रकाश चहूकडे उधळतो. म्हणून काळ्यावर कण उठून दिसतात आणि पांढऱ्यावर ते मिसळून जातात. पांढरी गाडी स्वच्छ असते असे नव्हे. ती बोलत नाही इतकेच. आमच्या व्यवसायातील काही जुन्या वह्यांविषयीही हेच म्हणता येईल, पण तो विषय वेगळा.

धूळ दिसली की हात पुसायला जातो, आणि खरी हानी तेथे सुरू होते. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. धुळीत हळदीच्या भुकटीबरोबर रस्त्याची माती आणि वाळूचे कण असतात, आणि वाळूचा कण काचेहूनही कठीण असतो. कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे हे कण त्या नाजूक थरावर घासून फिरवणे. एका दिवसात काही कळत नाही. सहा महिन्यांनी गाडी भर उन्हात उभी केली की दिव्याभोवती कोळ्याने जाळे विणावे तशा बारीक वर्तुळाकार रेघा चमकू लागतात. त्या पांढऱ्या गाडीवरही असतात, दिसतात काळीवर. शिवाय कोरडे फडके घासल्याने पृष्ठभागावर स्थिर विद्युत निर्माण होते आणि पुसलेली गाडी नवी धूळ अधिकच ओढून घेते. पुसणाऱ्याला वाटते, आजच वारा जास्त आहे.

मराठीत या कामासाठी किती वेगवेगळी क्रियापदे आहेत हे मला या गाडीमुळे जाणवले. झाडणे, झटकणे, पुसणे, घासणे, टिपणे. काळ्या गाडीला यांतले शेवटचेच मानवते. कण आधी ओला करून सैल करावा आणि मग मऊ, तंतुमय कापडाने तो उचलून घ्यावा, शाई टिपकागदाने टिपावी तसा. दाब द्यायचा नाही. कापडाची चौपदरी घडी करावी, एक बाजू मळली की दुसरी उलगडावी, आणि मळलेली बाजू पुन्हा गाडीला लावू नये. हात गोलगोल न फिरवता सरळ रेषेत न्यावा. सुरुवात छतापासून करावी, शेवट दारांच्या खालच्या कडांशी, कारण सर्वांत जाड वाळू तेथे असते. चाकांचे कापड वेगळे, त्याची गाडीच्या अंगाशी ओळखही होऊ देऊ नये. आणि हे सर्व सावलीत, पत्रा गार असताना. तापलेल्या काळ्या पत्र्यावर पाणी वाळते आणि त्यातील क्षार मागे राहतात.

हळदीचा एक खास स्वभाव येथे सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या बाजारापुरता उपयोगाचा आहे. हळदीतील पिवळे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही आणि क्षाराशी गाठ पडताच तांबडे होते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्या घरातील प्रत्येक आज्जीला ठाऊक असते. तरीही कपड्यांची पावडर पाण्यात कालवून हळदीची धूळ धुणारे लोक आमच्या यार्डात आहेत, आणि आरशाच्या खाचांत, दारांच्या रबरी पट्ट्यांत तांबूस ओघळ पाहून ते गंज लागला म्हणून घाबरतात. गाडीसाठी मिळणारा सौम्य साबण घ्यावा, नाहीतर नुसते पाणी पुरे. राहिलेला पिवळा डाग उन्हावर सोपवावा. हळदीचा डाग उन्हात उडतो, हेही आज्जींना ठाऊक असते.

पाण्याचा विषय मात्र एवढ्यावर संपत नाही. तो आमच्या घरात माझ्या आईने काढला. तिचे वय आता ८४ आहे. सामायिक आटोपून ती ओसरीवर बसते, आणि समोरच गाडी उभी असते. पहिल्या उन्हाळ्यात चिरंजीव रबरी नळी लावून गाडी धूत असत. आई दोन दिवस पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने नातवाला हाक मारली.

"बाळा, पाण्याला आपण काय म्हणतो?"

"जलकायिक जीव, आज्जी."

"मग हे जे चाललंय ते अर्थदंडात धरायचं की अनर्थदंडात?"

चिरंजीव नळी हातात धरून उभे राहिले. पाणी वाहतच होते. प्रश्न विनोदाचा नव्हता. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे, आणि तिच्यात प्रमादचर्या वर्ज्य सांगितली आहे, म्हणजे प्रयोजनाशिवाय माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे. गृहस्थाला पाणी वापरावेच लागते. तो हिशेब अर्थदंडाचा, आणि त्यासाठी पाणी गाळून, जपून वापरण्याची यतना सांगितली आहे. पण चमक हे प्रयोजन धरायचे की नाही? चिरंजीव म्हणाले की गाडीची किंमत टिकते, म्हणजे प्रयोजन आहे. आई म्हणाली, "काचा पुसणं हे प्रयोजन खरं. समोरचं दिसलं नाही तर माणूस मरतो, मुंगी-किडा तर मरतोच. उरलेलं तुझं तू तपास."

काचांविषयी तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. उसाच्या हंगामात आमच्या भागातील रस्त्यांवर संध्याकाळनंतर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालतात. धुळीने भरलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा झोत पडला की सारी काच पांढरी होते आणि त्या पांढऱ्यापलीकडे ट्रॉली असते. कुंभोज बाहुबलीहून परतताना आम्ही हे एकदा इतक्या जवळून अनुभवले आहे की तेव्हापासून काचा आणि दिवे रोज पुसले जातात, तेथे चर्चा नाही. आणि शक्यतो आम्ही दिवेलागणीनंतर गाडी काढत नाही, कारण त्या वेळी काचेवर आपटणाऱ्या पाखरांचे काय करायचे याचे उत्तर कोणत्याही कापडात नाही.

उरलेल्या गाडीचा तपास चिरंजीवांनी मनावर घेतला. त्यांनी नळीखाली बादली धरली. मिनिटभरात ती भरली. म्हणजे वीस मिनिटांच्या धुण्यात वीस बादल्या. मग त्यांनी गाळलेले पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून, चार मऊ कापडांनी, वर सांगितल्या रीतीने गाडी टिपली. आठवड्यातून एकदा दोन बादल्या, एक पाण्याची आणि एक कापड पिळण्याची. एरवी बाटलीभर पाणी. गाडी अधिक चांगली निघाली, कारण नळीच्या भरवशावर घासणे घाईचे होत असे. पाण्याचा आणखी एक बारकावा त्यांना पुढे कळला. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. काळ्यावर ते वाळले की पांढरे ठिपके उठतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी गाडीला वापरा, असे पुष्कळ जण सुचवतात. पाणी वाचते हे खरे, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला चालते, काळ्या गाडीला नाही. याउलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतून निघालेले, जवळजवळ क्षारविरहित असते. चैत्रात आमच्या दुकानातील यंत्राखाली ठेवलेली बादली शेवटच्या हातासाठी पुरते.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाच्या वेळी चिरंजीवांनी घरात जाहीर केले की दहा दिवस गाडी धुणार नाही. आई म्हणाली, "पाऊस धुतोय तेव्हा नेम सोपा. चैत्रात घे."

आपल्या शास्त्रकारांना धूळ किती बारकाईने ठाऊक होती, याचे मला या निमित्ताने पुन्हा आश्चर्य वाटले. आचार्य कुंदकुंदांच्या 'समयसारा'त, बंध अधिकारात, अंगाला तेल चोळून धुळीच्या जागी व्यायाम करणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. त्याच्या अंगाला धूळ चिकटते ती हालचालीमुळे नव्हे, त्या जागेमुळेही नव्हे, अंगावरच्या तेलामुळे. 'उत्तराध्ययन सूत्रा'त ओल्या आणि सुक्या मातीच्या गोळ्यांचा दृष्टांत आहे. दोन्ही भिंतीवर फेकले तर ओला चिकटतो, सुका गळून पडतो. कर्मरज आणि कषाय यांचा हा विचार मी लहानपणी पाठशाळेत ऐकला होता आणि मोठेपणी व्याख्यानांतून. तो गाडीच्या दुकानात भेटेल असे वाटले नव्हते. टायर आणि आतील भाग चकचकीत दिसावेत म्हणून एक तेलकट द्रव मिळतो. चिरंजीवांनी तो लावला. तासभर गाडी आरशासारखी दिसली, आणि सौदे संपेपर्यंत त्या तेलकट भागावर जी हळद बसली ती फुंकरीने हलेना. शेजारचा, काहीही न लावलेला भाग एका हलक्या हाताने स्वच्छ झाला. चमक आणणारे तेलच धूळ धरून ठेवीत होते. मी काही बोललो नाही. चिरंजीवांनीच बाटली उचलून ठेवून दिली. काही लावायचेच असेल तर वाळल्यावर कोरडे, गुळगुळीत राहणारे मेण लावावे. त्यावरून धूळ घसरते.

मुनिराजांच्या मयूरपिच्छीविषयी येथे लिहावे की नाही याचा मी विचार केला. गाडीच्या फडक्याशेजारी तिचे नाव घेणे कोणास खटकेल. पण तुलना मोठेपणाची नाही, रीतीची आहे. 'मूलाचारा'त पिच्छीचे पाच गुण सांगितले आहेत: ती धूळ धरीत नाही, घाम धरीत नाही, ती मृदू असते, सुकुमार असते आणि हलकी असते. मोराने आपणहून गाळलेल्या पिसांची ती असते. श्वेतांबर साधुसाध्वींचा ओघा लोकरीचा. त्याचे शास्त्रीय नावच रजोहरण. या दोहोंनी जे प्रमार्जन होते ते जागा चमकावी म्हणून नव्हे, तेथे असलेला जीव दुखावू नये म्हणून. आमच्या गाडीवर लिंबाच्या झाडावरून मुंग्या उतरतात, चाकावरून चढतात. टिपण्याआधी एकदा गाडीभोवती फिरून पाहणे आणि मुंग्यांना मऊ कुंचल्याने बाजूला करणे, एवढे आम्ही पिच्छीकडून घेतले आहे. बाजारात गाडीसाठी पिसांचे झटकेही मिळतात. ती पिसे कशी मिळवली हे दुकानदाराला सांगता आले नाही, म्हणून झटका घरात आला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर लेखणी उचलली तिच्याकडे येतो.

यार्डातील गाड्या पुसणारा एक मुलगा आहे. वडील हमाल, मुलगा कॉलेजला जातो आणि त्याआधी सकाळी सात ते नऊ या वेळात सहा गाड्या पुसतो. गाडीमागे महिना पाचशे रुपये. आमच्याच ओळीतील एका गाळेवाल्यांची गाडी काळी आहे. गेल्या मार्चमध्ये दुपारच्या उन्हात त्यांना गाडीवर जाळे दिसले. रंगाच्या कारागिराने दुरुस्तीचा मोठा आकडा सांगितला आणि वर, 'पुसणाऱ्याने वाट लावली' असा शेराही मारला. गाळेवाल्यांनी मुलाचे दोन महिन्यांचे पैसे कापले. मुलगा काही बोलला नाही. त्याचे वडील माझ्या ओळखीचे. तेही काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी पोती उतरवताना त्यांनी पाणी मागितले आणि नेहमीसारखे बसून प्यायले नाहीत.

चिरंजीवांनी ती गाडी पाहिली, भिंगाचा चष्मा लावून घड्याळजी पाहतो तशी. दारांवर रेघा होत्या, गोल, हाताच्या. त्या मुलाच्या हातून झाल्या असतील, हे खरे. सहा गाड्यांना मिळून त्याच्याजवळ एकच फडके आणि अर्धी बादली पाणी असते; खडीच्या कामावरून आलेल्या जीपची वाळू त्याच फडक्याने काळ्या गाडीवर येते. पण नऊच्या आत गाडी चकचकीत हवी, ही अट त्याची नव्हती, आणि दुसरे फडके त्याला कोणी दिलेले नव्हते. शिवाय अधिक खोल रेघा छताच्या मध्यभागी होत्या, जेथे त्या मुलाचा हात पोहोचतच नाही, आणि आरशांच्या टोकांवर. त्या गोल नव्हत्या. त्या गाडीवर रोज, धुळीसकट, झाकण घातले जाते. वारा सुटला की ते झाकण आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेली वाळू दिवसभर घासली जाते. झाकण घालायचेच तर टिपलेल्या गाडीवर; धुळीच्या गाडीवर घातलेले झाकण हा सँडपेपर असतो.

मी हे त्या गृहस्थांना जाऊन सांगितले. ते माणूस वाईट नाहीत. दान देतात, चातुर्मासात चौका लावतात. ते म्हणाले, "अण्णा, हजार रुपयांसाठी तुम्ही कशाला उन्हात आलात?" मी म्हणालो की हजार रुपये त्या घरात हजार नसतात. आपल्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे येतात. तराजूवर आपण सारे सावध असतो. मजुरीही एक तराजू आहे, आणि तिथे काटा धरणारे आपणच असतो. ते हसले, चहा मागवला आणि विषय हळदीच्या दराकडे नेला.

चिरंजीवांनी मुलाला आठ कापडे, फवाऱ्याच्या दोन बाटल्या आणि एक कुंचला आणून दिला. दोन सकाळी त्याच्याबरोबर उभे राहून टिपण्याची रीत दाखवली. मुलगा हुशार, तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच एक सुधारणा केली. कापडांच्या कोपऱ्यांना त्याने रंगीत दोरे शिवले आहेत, काचेचे पांढरे, अंगाचे पिवळे, चाकाचे काळे, म्हणजे घाईत गल्लत होत नाही. गाडीमागे आता तो सातशे घेतो. चौघांनी कुरकुर न करता दिले. आमच्या गाडीला तो आठवड्यातून तीनदाच हात लावतो, कारण यंदा चिरंजीवांनी चैत्राचा नेम घेतला आहे: महिनाभर काचा आणि दिवे एवढेच. गाडी पूर्ण पिवळी झाली आहे. यार्डातील पोरांनी मागच्या बाजूला बोटाने नावे लिहिली; तेव्हा त्यांना बोलावून, लिहायचे असेल तर काचेवर लिहा, असे सांगावे लागले. आई ओसरीवरून गाडीकडे पाहते आणि म्हणते की आता ती आपल्या दुकानाची दिसते.

त्या मुलाचे कापलेले पैसे मात्र अजून आलेले नाहीत. परवा सौद्याच्या ढिगाशी ते गृहस्थ पुन्हा भेटले, तेव्हा मी पुन्हा विचारले. "बघू, हंगाम संपू दे," असे ते म्हणाले. हंगाम संपायला अजून महिना आहे, आणि आमचे दोघांचे गाळे समोरासमोर आहेत.